ठिगळ, पण सगळ्यांना बसणारे

आपल्या भाषेत ठिगळाला फारसा मान नाही. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावायचे, असे आपण हताशपणे म्हणतो, आणि ठिगळ लावलेला सदरा ही गरिबीची खूण समजतो. ज्यांनी आजीने शिवलेली गोधडी पांघरली आहे त्यांना मात्र ठिगळाची दुसरी बाजू ठाऊक असते. जुन्या नऊवारीचा तुकडा, धोतराचा तुकडा, कुणाच्या तरी परकराचा काठ. प्रत्येकाचे सूत वेगळे, वीण वेगळी, पाण्यात आटण्याची रीत वेगळी. हे सारे असे शिवायचे की दहा धुण्यांनंतरही टाका उसवू नये, याला हात लागतो. संगणकाच्या क्षेत्रात दुरुस्तीच्या तुकड्याला 'पॅच', म्हणजे ठिगळच म्हणतात, आणि तिथे ते मानाचे काम आहे. जगभरातले हजारो लोक, त्यांतले कितीतरी विनावेतन, रोज अशी ठिगळे शिवत असतात. त्यांच्याविषयी आणि एकच ठिगळ निरनिराळ्या कापडांना बसवण्याच्या त्यांच्या खटाटोपाविषयी आज लिहायचे आहे.

हा शब्द अलंकारिक नाही. १९४४ साली सुरू झालेल्या हार्वर्ड मार्क वन या प्रचंड गणनयंत्राला आज्ञा दिल्या जात त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. चुकीचे भोक पडले की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. ते खरेखुरे ठिगळ होते. पुढे कागद गेला, शब्द राहिला.

मी उमेदीची सगळी वर्षे बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांत दुरुस्तीचे कागद भरपूर. मुख्य कार्यालयातून परिपत्रक येई : 'परिच्छेद चारमधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द वाचावेत.' आणि पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असते : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. संगणकातला पॅच म्हणजे नेमके हेच. कोणत्या फाइलीतली कोणती ओळ काढायची, तिथे वजा चिन्ह. कोणती घालायची, तिथे अधिक चिन्ह. दोन मजकुरांतला फरक असा काढून देणारी 'डिफ' ही सोय डग मॅकिलरॉय यांनी युनिक्स प्रणालीसाठी केली. १९७४ च्या आवृत्तीत ती होती. आणि तो फरक दुसऱ्याच्या प्रतीवर आपोआप चढवणारा 'पॅच' हा कार्यक्रम लॅरी वॉल यांनी १९८५ साली जगाला दिला.

शुद्धिपत्राची एक अडचण प्रत्येक लेखकाला माहीत असते. दुसऱ्या आवृत्तीत पाने सरकतात आणि 'पृष्ठ ११२, ओळ ७' ला काही अर्थ उरत नाही. पॅचमध्ये यावर उपाय आहे. दुरुस्तीच्या वरच्या आणि खालच्या दोन-तीन ओळीही त्यात सोबत दिलेल्या असतात. ओळीचा क्रमांक चुकला तरी शेजारपाजारावरून जागा सापडते. हे वाचून मला आपल्याकडच्या पत्त्यांची आठवण झाली. घर नंबर कुणाला सांगता येत नाही, पण 'मारुतीच्या देवळाच्या मागे, पिठाच्या गिरणीसमोर' म्हटले की पोस्टमन बरोबर येतो.

जागा सापडली, ठिगळ लागले, म्हणजे काम झाले असे मात्र नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते.

खिडकीपलीकडचा माणूस

बँकेत आलेला खातेदार स्वतः स्ट्राँगरूममध्ये जात नाही. तो खिडकीपाशी येतो, चिठ्ठी देतो आणि खिडकीपलीकडचा माणूस त्याचे काम करून देतो. संगणकातही तसेच आहे. कुठल्याही कार्यक्रमाला फाइल उघडायची असो, वेळ विचारायची असो की नावे क्रमाने लावायची असोत, तो थेट यंत्राच्या गाभ्याशी बोलत नाही. मध्ये एक ग्रंथालय असते. त्यात पुस्तके नसतात, तयार कामे असतात. 'सी' या भाषेवरून त्याला सी लायब्ररी म्हणतात. तुमच्या संगणकावर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीखाली ही खिडकी कुठेतरी असतेच.

लिनक्सच्या जगात अशा दोन खिडक्या प्रमुख आहेत. एक ग्नू प्रकल्पाची 'ग्लिबसी', १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलेली, भरगच्च, हरतऱ्हेच्या सोयींनी युक्त. दुसरी 'मसल', रिच फेल्कर यांनी २०११ साली लोकांपुढे ठेवलेली, आटोपशीर आणि नियमांना काटेकोर. 'अल्पाइन' नावाच्या लिनक्सने २०१४ मध्ये मसलचा स्वीकार केला आणि जेमतेम पाच एमबीत मावणारी प्रणाली म्हणून तिचा बोलबाला झाला. याशिवाय अँड्रॉइड फोनची खिडकी वेगळी, अ‍ॅपलची वेगळी, बीएसडी मंडळींची वेगळी.

या सर्वांसाठी एक नियमपुस्तक आहे. १९८८ साली निघालेल्या या प्रमाणाचे नाव 'पॉझिक्स'; हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवले. तथापि ज्याने चार शाखांत नोकरी केली आहे त्याला विचारा. नियमपुस्तक एकच असते, पण प्रत्येक शाखेचा रिवाज निराळा असतो.

एक उदाहरण देतो. काही बिघडले की यंत्र फक्त चुकीचा क्रमांक सांगते. त्या क्रमांकाचा अर्थ शब्दांत सांगणारे 'स्ट्रएरर-आर' नावाचे एक काम आहे. ग्लिबसीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ते संदेशाचा मजकूर कुठे आहे तेच हातात देते. प्रमाणाप्रमाणे ते मजकूर तुम्ही दिलेल्या जागी लिहून ठेवते आणि हातात फक्त शून्य देते, म्हणजे 'काम झाले' अशी पावती. पहिल्या खिडकीची सवय असलेला कार्यक्रम दुसऱ्या खिडकीवर गेला की ती पावतीच नोट समजून बाजारात जातो आणि कोसळतो. गंमत अशी की हे घडते ते चूक झाल्यावर, चुकीचा अर्थ विचारताना. एरवी महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही.

दुसरे उदाहरण टेबलाचे. एक कार्यक्रम एकाच वेळी अनेक कामे करतो तेव्हा प्रत्येक कामाला कागद पसरायला थोडी जागा मिळते. ग्लिबसीवर ती सहसा आठ एमबी असते, मसलवर मुळात १२८ केबी, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. ऐसपैस टेबलाची सवय झालेला कारकून शाळेच्या बाकावर बसवला तर कागद खाली पडणारच. मसलवर एखादा कार्यक्रम कारण न सांगता मरतो तेव्हा जाणकार आधी हे टेबल मोजतात.

'चालत होते' आणि 'बरोबर होते'

२०१० सालची एक हकिगत या क्षेत्रात अजून सांगितली जाते. मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी नकलणारे 'मेमकॉपी' नावाचे काम आहे. त्याचा नियम स्पष्ट आहे : दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असू नयेत. असतील तर 'मेममूव्ह' हे दुसरे काम वापरावे. पाटीवरच्या चार घरांत लिहिलेला शब्द एक घर डावीकडे सरकवायचा आहे असे समजा. डावीकडून एकेक अक्षर नकलत गेलात तर शब्द शाबूत राहतो. उजवीकडून सुरुवात केलीत तर पुढचे अक्षर वाचण्याआधीच पुसले जाते.

ग्लिबसी वर्षानुवर्षे सुरुवातीकडून नकलत होती. त्यामुळे नियम मोडणारे कार्यक्रमही सुखाने चालत होते. मग नव्या प्रोसेसरांवर वेग मिळावा म्हणून ग्लिबसीने काही ठिकाणी शेवटाकडून नकलायला सुरुवात केली. फेडोरा लिनक्सच्या चौदाव्या आवृत्तीत लोकांच्या फ्लॅश प्लेअरमधून गाण्यांऐवजी खरखर ऐकू येऊ लागली. ग्रंथालयवाल्यांचे म्हणणे, आम्ही नियमानेच वागलो. खुद्द लिनस टोरवाल्ड्स वादात उतरले. त्यांचे म्हणणे साधारण असे की गाणे ऐकणाऱ्याला तुमच्या नियमाशी कर्तव्य नाही. काल वाजत होते, आज वाजत नाही, एवढेच त्याला कळते. अखेर मधला मार्ग निघाला. जुन्या तयार कार्यक्रमांना जुनी वागणूक, नव्याने बांधलेल्यांना नवी.

मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत आहे. 'आजवर चालत होते' आणि 'बरोबर होते' यांतला फरक ज्याला कळला त्याला हिशेब तपासनिसाची नोकरी करता येते. आणि तो फरक खिडकीपुढच्या म्हाताऱ्या पेन्शनराला ऐकवून उपयोग नसतो, हे ज्याला कळले तो बरा शाखाधिकारी होतो.

'ळ' कुठे बसतो?

वाचकांना वाटेल, हे सारे यंत्रांच्या पोटातले. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या मुळाक्षरांपर्यंत येतो.

आपण लहानपणी घोकलेल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो आणि त्यापाठोपाठ 'क्ष', 'ज्ञ'. संगणकासाठी जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने मात्र 'ळ'ला 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये जागा दिली आहे. नावे कोणत्या क्रमाने लावायची याची भाषावार नियमावली ग्लिबसी बाळगते. मराठीचीही तिच्यात आहे. मसल आटोपशीर राहायचे म्हणून त्या भानगडीत पडत नाही. ती सरळ क्रमांकांप्रमाणे रांग लावते. म्हणजे एकाच यादीची, एकाच कार्यक्रमाने, दोन यंत्रांवर दोन क्रमांनी मांडणी होऊ शकते.

यादी वाचायला थोडी विचित्र दिसेल, एवढेच का याचे मोल? नाही. आमच्या काळी जाडजूड लेजरसोबत नावांची अनुक्रमणिका असे. समजा एका लेखनिकाने ती आडनावांप्रमाणे लावली आणि त्याच्या बदलीनंतर आलेला दुसरा नावांप्रमाणे शोधू लागला. खाते आहे, रक्कम आहे, सही आहे. पण 'अशा नावाचे खाते आमच्याकडे नाही' असे उत्तर मिळेल. एवढेच नव्हे, तर नवा लेखनिक त्याच माणसाचे दुसरे खाते उघडून मोकळा होईल.

हे जसेच्या तसे घडले आहे. २०१८ साली ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमवारीचे नियम आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे सुधारण्यात आले. इंग्रजीच्या नियमांखालीसुद्धा '११' आणि '१-१' यांचा क्रम उलटा झाला. पोस्टग्रेस हे माहितीसाठ्याचे प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर शब्दांची क्रमवारी ग्रंथालयाकडून घेते. जुन्या क्रमाने रचलेली अनुक्रमणिका आणि नव्या क्रमाने शोधणारा लेखनिक! असलेल्या नोंदी सापडेनात, जिथे एकच नोंद हवी तिथे दोन घुसण्याची वाट मोकळी. उपाय एकच : अनुक्रमणिका नव्याने बांधणे. तोच साठा ग्लिबसीच्या यंत्रावरून उचलून अल्पाइनवर ठेवला तर हाच प्रसंग ओढवतो. पैसे मोजणाऱ्यांच्या, औषधे देणाऱ्यांच्या, नावांवरून माणसे ओळखणाऱ्या सगळ्यांच्या कामाखाली ही बाब आहे.

'तू कोण?' आणि 'तुला काय येते?'

माझी भाची दिवसा नोकरी करते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर एका मुक्त प्रकल्पासाठी ठिगळे शिवते. मध्यंतरी तिने ग्लिबसीवर बेतलेला एक कार्यक्रम मसलवर चालता केला आणि तो पॅच मूळ कर्त्यांकडे पाठवला. आठवड्याने परत आला.

"का गं?" मी विचारले.

"मामा, मी लिहिलं होतं, ग्लिबसी असेल तर असं कर, नसेल तर तसं कर. त्यांनी विचारलं, मग अँड्रॉइडवर काय? बीएसडीवर काय? तिथे तर तिसराच प्रकार आहे. माझं ठिगळ माझ्या एकटीच्या सदऱ्याला बसत होतं."

"मग आता?"

"आता नाव विचारायचंच नाही. हे काम तुला येतं का, एवढंच विचारायचं."

तिच्या या वाक्यात साऱ्या विद्येचे सार आहे. समोरच्या यंत्राला 'तू कोण' असे विचारून त्याच्या नावावरून अंदाज बांधायचा नाही. एक लहानसा नमुना चालवून पाहायचा आणि जमले तर पुढे जायचे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेले 'ऑटोकॉन्फ' हे साधन याच तत्त्वावर उभे आहे. मसलच्या कर्त्यांनी तर एक पाऊल पुढे जाऊन आपली ओळख सांगणारी खूणच ठेवलेली नाही. 'मसल असेल तर' अशी अट लिहिता येऊ नये, हा त्यात हेतू आहे. आज जे मसलला येत नाही ते उद्या येईल. मग नावावर बेतलेली अट खोटी ठरेल. २०२३ साली तसे झालेही. पत्ता शोधताना मोठे उत्तर आले तर दुसऱ्या मार्गाने मागवण्याची सोय मसलमध्ये नव्हती, ती १.२.४ या आवृत्तीत आली. माणसांची आडनावे विचारून अंदाज बांधणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत शिकण्यासारखी आहे.

ठिगळ मूळ कर्त्याकडे पोचवण्याचा आग्रह का, तेही सांगायला हवे. पॅच आपल्यापुरता ठेवला तर मूळ कार्यक्रमाची नवी आवृत्ती आली की तो पुन्हा बेतावा लागतो. प्रत्येक लिनक्सवाल्याकडे अशा ठिगळांची चळत असते. ती सांभाळण्यासाठी 'क्विल्ट' नावाचे एक साधनच आहे. शब्दाचा अर्थ गोधडी! मूळ कर्त्याने ठिगळ स्वीकारले की ते कापडाचाच भाग होते आणि शंभर ठिकाणची रात्रपाळी वाचते.

इथे बँकेतला एक अनुभव नोंदवतो. नव्वदच्या दशकात आमच्या एका शाखेत संगणक आला. सॉफ्टवेअर बाहेरच्या पुरवठादाराचे. काही वर्षांनी यंत्र बदलले आणि ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेना. पुरवठादाराला रस उरला नव्हता, आणि मूळ आज्ञावली त्याच्या कुलपात. जुने यंत्र केवळ त्या एका कार्यक्रमासाठी कित्येक महिने शेजारी धडधडत ठेवावे लागले. कापडच दाखवत नाहीत तिथे ठिगळ कशाला लावणार? मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कापड सर्वांपुढे उलगडलेले असते. ठिगळ लावता येते ते त्यामुळेच.

मग साऱ्यांनी मिळून एकच खिडकी का ठेवू नये? बँकांची विलीनीकरणे पाहिलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न येतोच. त्याचे एक उत्तर २०२४ च्या मार्चमध्ये मिळाले. 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्या प्रकल्पात एका अनोळखी मदतनिसाने दोनेक वर्षे पॅच देऊन विश्वास कमावला आणि मग चोरवाट बसवली. पोस्टग्रेसवर काम करणारे आन्द्रेस फ्रॉइंड यांना लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा संशय आला आणि बिंग फुटले. ती चोरवाट ग्लिबसीच्या एका विशिष्ट सोयीवर बेतलेली होती. मसलच्या यंत्रांवर ती चालणारी नव्हती. शेतात एकच वाण असले की एकाच रोगात सारे पीक जाते. दुसऱ्या खिडकीचा त्रास सोसण्यात हा फायदा आहे. आणखी एक फायदा फेकून देण्याजोग्या ठरलेल्या वस्तूंचा. अल्पाइनच्याच पायावर २०१७ पासून उभा असलेला 'पोस्टमार्केटओएस' हा प्रकल्प जुन्या फोनांना दहा वर्षांचे आयुष्य मिळावे म्हणून धडपडतो आहे.

अर्थात वेगळेपण कायमचेच राहते असे नाही. मजकूर ठरलेल्या जागेबाहेर सांडू नये म्हणून १९९८ साली ओपनबीएसडीने 'स्ट्रएलकॉपी' हे काम आणले. ग्लिबसीने ते नाकारले, वाद झाले, लोक आपापली ठिगळे शिवत राहिले. २०२३ साली ग्लिबसीने ते घेतले आणि २०२४ मध्ये पॉझिक्सच्या नियमपुस्तकातही ते आले. पंचवीस वर्षे! आपल्या दिवाणी दाव्यांना लाजवील अशी मुदत, पण निकाल सर्वमान्य.

पुढची तारीख ठरलेली आहे. संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. जुन्या यंत्रांतला बत्तीस घरांचा आकडा २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. तो भरेल १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला असे यंत्र १९०१ साली जाऊन बसेल. मसलने २०२० साली या यंत्रांसाठी मोठा आकडा घेतला, ग्लिबसीने २०२१ मध्ये त्याची वाट करून दिली. आता हजारो कार्यक्रम एकेक करून तपासायचे, जिथे आकडा तोकडा पडतो तिथे ठिगळ लावायचे, आणि ते दोन्ही खिडक्यांवर चालेल असे लावायचे. २०१८ च्या अखेरीस वीस वर्षांच्या मुदतीने घेतलेल्या घरकर्जाचा शेवटचा हप्ता त्या मंगळवारानंतर भरायचा आहे. तो भरताना पासबुकावर तारीख बरोबर उमटेल. का उमटली, असा प्रश्न कुणाला पडणार नाही, आणि ज्यांनी टाका घातला त्यांची तशी अपेक्षाही नाही.